बिल्डिंग कापायची तर पेन टूल शिकाच

प्रश्न: एका इमारतीचा फोटो आहे, तिच्यामागचं आकाश आणि शेजारच्या बिल्डिंगा काढून फक्त तेवढीच ठेवायचीये. फोटोशॉपमध्ये क्विक सिलेक्शनने केलं तर कडा वाकड्यातिकड्या येतात, आणि गडद बॅकग्राउंड टाकलं की कडेने पांढरी रेघ दिसते. समोर झाड आहे, गच्चीवर अँटेना आहे. काय करू?

उत्तर: क्विक सिलेक्शन रंग आणि टेक्स्चर बघून कड शोधतं, त्यामुळे फिकट भिंत आणि फिकट आकाश शेजारी आले की ते गडबडणारच. इमारतीला मुळात सरळ कडा असतात, मग त्या सरळ आखूनच घ्या ना. आधी लेन्स करेक्शन करा, कारण वाइड लेन्सने भिंती फुगल्या असतील तर सरळ रेघ कुठेच बसणार नाही. मग पेन टूल घ्या, वर ऑप्शनमध्ये शेप असेल तर पाथ (म्हणजे नुसती आखलेली रेघ) करा, 200 टक्के झूम करा आणि एका कोपऱ्यावर क्लिक, पुढच्या कोपऱ्यावर क्लिक असं फिरत या. कमान असेल तिथे क्लिक करून माऊस न सोडता ओढायचं की वळण येतं. कंटाळवाणं आहे, पण तासभर ब्रशने कडा घासण्यापेक्षा बरं.

आता ती पांढरी रेघ. कडेच्या पिक्सेलमध्ये भिंत आणि आकाश दोघांचा रंग मिसळलेला असतो, म्हणून पाथ बरोब्बर कडेवर न घेता एखाद पिक्सेल आतून घ्या. पाथ पूर्ण झाला की राइट क्लिक, मेक सिलेक्शन, फेदर (कडेचा मऊपणा) 0.5, आणि मग लेयर मास्क लावा, म्हणजे नको तो भाग पुसला न जाता नुसता लपतो; मास्कवर काळं ते लपतं, पांढरं ते दिसतं. डिलीट अजिबात दाबू नका, मास्क नंतर कधीही दुरुस्त करता येतो.

झाडाला मात्र पेन लावू नका, वेड लागेल. चॅनेल्समध्ये (फोटोतल्या लाल, हिरव्या, निळ्या रंगांचे वेगवेगळे भाग) जा, निळ्या आकाशात बहुतेक वेळा ब्लू चॅनेलमध्येच पानं सगळ्यात काळी दिसतात. त्याची कॉपी करा, लेव्हल्सने आकाश पांढरंफट आणि पानं काळीकुट्ट करा, मग इन्व्हर्ट, म्हणजे काळं-पांढरं उलट. कंट्रोल दाबून त्या चॅनेलच्या छोट्या चित्रावर क्लिक केलं की झाड सिलेक्ट होतं, मग मास्कवर पांढऱ्या ब्रशने फक्त आकाशात आलेला शेंडा रंगवा. पानांमागे शेजारची बिल्डिंग असेल तर ही युक्ती चालत नाही, तिथे हातानेच करावं लागतं. अँटेनाला मास्कवरच पांढरा दोन-तीन पिक्सेलचा ब्रश, एका टोकाला क्लिक आणि दुसऱ्या टोकाला शिफ्ट धरून क्लिक, सरळ दांडी तयार.

काचा पण बघा हां, त्यांच्यात जुनंच आकाश दिसत राहतं, मागे संध्याकाळ टाकली आणि खिडक्यांत भर दुपार असेल तर लगेच कळतं. मास्कवाली फाइल पीएसडीत (फोटोशॉपचा स्वतःचा फाइल प्रकार) ठेवा, कुणाला द्यायची तर पीएनजी, जेपीईजीत पारदर्शक भाग टिकत नाही.