छोट्या मशीन शॉपमध्ये माहितीचा विकी कसा सुरू करावा? मराठीत ठेवावा की कन्नडमध्ये?

बेळगावच्या उद्यमबागेतलं पंचवीस माणसांचं शॉप, सेटिंगची माहिती दोन जुन्या सेटरांच्या (मशीन कामासाठी लावून देणाऱ्यांच्या) डोक्यात आणि उरलेली व्हॉट्सअ‍ॅपवर, असं तुम्ही लिहिलंय. विकी म्हणजे सगळ्यांना ब्राउझरमध्ये वाचता आणि बदलता येणारी पानं; एवढ्याला डोकुविकी हे फुकट सॉफ्टवेअर पुरे. विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकीला डेटाबेस सांभाळावा लागतो, डोकुविकी सगळी पानं साध्या टेक्स्ट फायलींत ठेवतो. जुना डेस्कटॉप, त्यावर उबुंटू (लिनक्स), अपाचे (वेब सर्व्हर) आणि पीएचपी (डोकुविकी ज्यात लिहिलाय ती भाषा), की झालं. डोकुविकीच्या फायली उलगडून डेटा (पानांचा) आणि कॉन्फ (सेटिंगचा) या फोल्डरांची मालकी वेब सर्व्हरला द्या. इन्स्टॉलरची फाईल एकदा चालवा आणि लगेच पुसून टाका. लाईट जाते तेव्हासाठी छोटा यूपीएस हवाच.

पहिलं पान लिहिण्याआधी तीन गोष्टी बदला. फाइलनावांचं एन्कोडिंग (नाव डिस्कवर कसं लिहायचं ती पद्धत) मुळात 'यूआरएल' असतं, ते 'यूटीएफ-८' करा. यूआरएलमध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ९ बाइट खातं आणि लिनक्सवर फाइलनावाची मर्यादा २५५ बाइटची, म्हणजे काना-मात्रा धरून २५-२६ चिन्हांतच नाव संपतं. हे नंतर बदललं तर जुनी पानं सापडत नाहीत. दुसरं, पीएचपीची अपलोड मर्यादा २ एमबी असते आणि मोबाइलचा फोटो सहसा त्याहून मोठा. ती १० एमबी करा, आणि पोस्टची (एका वेळी पाठवल्या जाणाऱ्या एकूण माहितीची) मर्यादा १२. तिसरं, राउटरमध्ये या डेस्कटॉपला कायमचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) द्या, नाहीतर पान उघडण्यासाठी लेथवर चिकटवलेले क्यूआर कोड एका रीस्टार्टनंतर निकामी होतील.

आता भाषा. आपल्याकडे एका वाक्यात तीन भाषा येतात, आणि विकी बंद पडतो तो बहुतेक वेळा इथेच: पान असतं, सापडत नाही. मराठी आणि कन्नड अशी वेगळी पानं करू नका. एकात आकडा बदलतो, दुसऱ्यात जुनाच राहतो. एकच पान ठेवा. वर आकड्यांचा तक्ता एकदाच, खाली मराठी पायऱ्या, त्याखाली कन्नड. शेवटी 'इतर नावं' अशी ओळ द्या आणि शॉपमध्ये बोलले जाणारे सगळे शब्द त्यात घाला, कन्नड लिपीतलेही. शोध मुळात पूर्ण शब्द जुळवतो, त्यामुळे 'कूलंट' शोधल्यावर 'कूलंटचं' मिळत नाही. सेटिंगमध्ये शब्दाची सुरुवात जुळली तरी चालेल असं करा. तरीही 'साचा' शोधून 'साच्यात' सापडणार नाही, म्हणून ती ओळ लागतेच.

पान कसं असावं? 'कूलंट बनवणे' घ्या (कूलंट म्हणजे कापताना थंडावा देणारं तेल-पाण्याचं मिश्रण). ५ टक्क्यांसाठी १९ लिटर पाणी, त्यात १ लिटर तेल, ढवळत. तेलात पाणी ओतलं तर इमल्शन नीट बनत नाही. रिफ्रॅक्टोमीटरच्या (मिश्रणात तेल किती ते मोजणाऱ्या उपकरणाच्या) आकड्याला तेलाच्या डब्यावरचा गुणक लावा. खाली तपासल्याची तारीख आणि तपासणाऱ्याचं नाव. बस्स, प्रस्तावना नको.

अशी दहा-बारा पानं आधी भरा, सुपरवायझरला आठवड्यातून दोनदा विचारले जाणारे प्रश्न धरून. रिकामे विभाग आखत बसू नका. सेटर स्वतः टाइप करणार नाहीत. त्यांना बोलू द्या, लिहून घेणारा दुसरा बसवा, आणि पान मशीनपाशी तिसऱ्याकडून करून बघा. तो अडेल तिथे पायरी सुटलेली असते.

वाचायला लॉगिन नको, लिहायला हवं, आणि ते प्रत्येकाचं वेगळं. सगळ्यांना एकच दिलं तर आकडा कुणी बदलला ते इतिहासात दिसत नाही. बॅकअपला डेटा आणि कॉन्फ हे दोन फोल्डर रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर जाऊ द्या. महिन्यातून एकदा ते दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.