ड्रोन की फायटर? दहावीतल्या लेकीच्या आईला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक यंदा दहावीत आहे, नाशिकजवळच्या ओझरवरून उडणारी सुखोई विमानं पाहत मोठी झाली आहे आणि तिला लढाऊ विमानाची वैमानिक व्हायचंय. तिचे बाबा म्हणतात, यापुढच्या लढाया ड्रोनच लढणार, वैमानिक लागणार कुठे? म्हणून सुट्टीत ड्रोनचा कोर्स करावा. त्यातच एका खासगी संस्थेच्या ‘छोटे पायलट’ शिबिराची जाहिरात तुमच्याकडे आली आहे. पैसे कशात घालायचे, असं तुम्ही विचारलंय. यंदा दोन्हींत घालू नका.

बाबांची शंका मात्र खरी आहे, ती उडवून लावू नका. ओझरच्या विमान कारखान्यात बांधलेली मिग-२१ लढाऊ विमानं सप्टेंबर २०२५ मध्ये सेवेतून निवृत्त झाली. त्याआधी, २०२४ च्या ऑक्टोबरात, आपल्या तिन्ही दलांसाठी ३१ एमक्यू-९बी ड्रोनचा करार झाला होता. पण हवाई दलानं २०२२ मध्ये जी नवी ‘वेपन सिस्टीम्स’ शाखा जाहीर केली, तिच्यात दुरून विमान चालवणारेही अधिकारीच आहेत. अधिकारी होण्याची वाट तीच : लेखी परीक्षा, पाच दिवसांची निवड मंडळाची मुलाखत, वैद्यकीय तपासणी, मग प्रशिक्षण. बाजारातल्या कोर्सनंतर मिळणारं ड्रोन वैमानिकाचं प्रमाणपत्र शेतीत फवारणीला आणि जमिनीच्या मोजणीला उपयोगी पडतं. शिवाय ते अठराव्या वर्षाआधी मिळतच नाही. त्यावर गणवेश मिळत नाही.

आणखी एक, हे लेकीलाही वाचून दाखवा. ड्रोन म्हणजे मोबाइलवरचा खेळ, असं मुलांना वाटतं. एमक्यू-९बीसारखं विमान चोवीस तासांहून जास्त वेळ हवेत राहतं. खाली जमिनीवर बसलेला अधिकारी एकच घर, एकच रस्ता तासन्‌तास पाहत असतो. वार करायची वेळ आली तर आधीचंही त्यालाच दिसतं आणि नंतरचंही. विमानात नसल्यामुळे जीव वाचतो, जबाबदारी वाचत नाही. तिला यातलं काय पेलवेल, यावर घरात मोकळेपणानं बोला. माझ्यापुढे बसणाऱ्या मुलांशी हे कुणी बोललेलंच नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता वाट. पहिली नाशिकमधलीच : मुलींची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था. दहावीच्या वर्षातच प्रवेश परीक्षा, मग अकरावी-बारावी तिथंच राहून एनडीएची, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाची, तयारी. सरकारी आहे. तिच्या जाहिरातीवर आतापासून डोळा ठेवा. तिथं जमलं नाही तर कुठल्याही चांगल्या कॉलेजात विज्ञान शाखा घ्या, पण भौतिकशास्त्र आणि गणित सोडू देऊ नका. एनडीएच्या लेखी परीक्षेतल्या ९०० गुणांपैकी ३०० एकट्या गणिताचे असतात. शिबिराचे पैसे गणिताच्या चांगल्या शिकवणीला लागले तर मला जास्त आनंद होईल.

खडकवासल्याहून १७ मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. तरी खरं सांगते, उड्डाण शाखेत मुलींच्या जागा प्रत्येक वेळी बोटांवर मोजण्याइतक्याच असतात. म्हणून दुसरा दरवाजा आत्ताच ठाऊक असू द्या. पदवीला एनसीसीची एअर विंग (हवाई शाखा) असलेलं कॉलेज निवडायचं. मुंबई, पुणे, नागपूरला एअर स्क्वाड्रन आहेत. ‘सी’ प्रमाणपत्र मिळालं की एनसीसी स्पेशल एंट्रीतून एएफकॅट ही हवाई दलाची लेखी प्रवेश परीक्षा न देता थेट निवड मंडळापुढे जाता येतं. एअर विंगच्या कॅडेटना मायक्रोलाइट या छोट्या, हलक्या विमानात प्रशिक्षकाबरोबर उडायलाही मिळतं. थोडाच वेळ, पण मुलाला खरंच उडायचंय की नुसता गणवेश आवडलाय, हे त्या थोड्या वेळात कळतं. माझ्या मते मुलांना उडायला शिकवण्याची ही सर्वांत चांगली पद्धत आहे.

निवड मंडळापुढची वैमानिकांची संगणकीय चाचणी, सीपीएसएस, आयुष्यात एकदाच देता येते. त्यात नापास झाल्यास हवाई दलात वैमानिक होण्याचा मार्ग कायमचा बंद. त्यामुळे ‘अनुभवासाठी एकदा देऊन बघ’ असं तिला कुणी म्हटलं तर ऐकू देऊ नका.

दहावीच्या परीक्षेनंतर आधी नेत्रतज्ज्ञाकडे जा. दूरचं धूसर दिसतं का आणि रंग नीट ओळखता येतात का, हे पाहून घ्या. उंचीही मोजा; वैमानिकाला किमान १६२.५ सेंटीमीटर लागते, शिवाय पायांची आणि बसल्यावरची उंची वेगळी मोजतात. ती अजून वाढत्या वयात आहे, तेव्हा उंचीचा आकडा आज कमी आला तरी तिच्यासमोर चेहरा पाडू नका. डोळ्यांचा अहवाल घेऊन तिघंही माझ्याकडे या. बाबांना नक्की आणा.