वजनं उचलायला लागतेस ना, मग हे ऐक

अगं, चाळिशीनंतर नुसतं चालणं पुरत नाही. पाळी जायच्या सुमारास इस्ट्रोजेन हे हार्मोन घटतं आणि हाडं भराभर विरळ होऊ लागतात. त्यांना वजनाचा ताण मिळायलाच हवा. सुरुवातीला आठवड्यातून 2 दिवस कर, पण लागोपाठ नको.

व्यायामाची नोंद ठेवायला मोबाईलवर ॲप कुठलंही घे, फक्त त्यात किलो आणि किती वेळा उचललं हे लिहिता आलं पाहिजे. 3 किलोचं डंबेल मागच्या वेळी 8 वेळा जमलं, आज 10 वेळा. 12 वेळा सहज झालं की मगच वजन वाढव. हे डोक्यात राहत नाही गं, नोंदच लागते.

मोबाईलचा खरा उपयोग मात्र कॅमेऱ्याचा! कमरेच्या उंचीवर टेकवून बाजूने स्क्वॉटचा, म्हणजे उठाबशांसारख्या व्यायामाचा, व्हिडिओ काढ. टाचा उचलल्या जातायत का, पाठ गोल होतेय का, लगेच कळतं. गुडघे आत वळत असतील तर ते समोरूनच दिसतं. स्मार्ट घड्याळात दिसणाऱ्या कॅलरींवर विसंबू नकोस, वजनांच्या व्यायामात तो आकडा भरवशाचा नसतो.

जेवणात प्रथिनांसाठी डाळ, दही, पनीर, चालत असतील तर अंडी वाढव. वजन उचलताना श्वास सोड, रोखू नकोस. बीपी असेल तर हे फार महत्त्वाचं. आणि हाडं ठिसूळ झाल्याचं निदान झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचार.