मोलकरणीच्या तोंडून तीच गोष्ट

प्रश्न : एकोणिसाव्या शतकातील एका अभिजात कादंबरीचे पुनर्कथन मी त्या घरातील मोलकरणीच्या निवेदनातून करीत आहे. मूळ कादंबरीत ती चार-पाच ठिकाणीच दिसते. ऐंशी पाने लिहून झाली, पण मी मूळ गोष्टच पुन्हा सांगत आहे असे वाटते. प्रत्येक महत्त्वाच्या प्रसंगी तिला दाराआड उभे करावे लागते. माझे कोठे चुकते आहे?

उत्तर : चूक आपणच नेमकी दाखवली आहे. ती दाराआड कान लावून उभी आहे तोवर गोष्ट आतल्या माणसांचीच राहणार, कारण तिला स्वतःचे असे काही हवे आहे, हे आपण अजून ठरवलेले नाही.

मूळ कादंबरीतील मोठे प्रसंग काही काळ बाजूला ठेवा आणि लेखकाने एका उपवाक्यात उरकलेल्या गोष्टी शोधा. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये (1813) नृत्यसमारंभापूर्वी सतत पाऊस पडतो, मुलींना बाहेर पडता येत नाही आणि बुटांवर लावायची फुलेसुद्धा दुसऱ्याकरवी आणवली जातात. हा दुसरा कोण, याची त्या कादंबरीला गरज नाही. जो बेकर यांच्या ‘लाँगबोर्न’ (2013) या कादंबरीत मात्र त्या पावसात जाणारी सारा नावाची मोलकरीण हीच नायिका आहे. ऑस्टिनची नायिका एलिझाबेथ चिखल तुडवत चालत जाते, तेव्हा मूळ वाचकाला तिचा मनस्वीपणा दिसतो. साराला धुवायचा परकर दिसतो. पुनर्कथनाचे सारे बळ मला या एका परकरात दिसते, कारण येथे घटना बदललेली नाही, फक्त तिची किंमत मोजणारे माणूस बदलले आहे.

म्हणून आपल्या मोलकरणीचा एक दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत लिहून काढा आणि मूळ कथानकातील कोणता प्रसंग त्यात कोठे पडतो ते पाहा. नायिकेच्या आयुष्यातील निर्णायक संवाद तिला माडीवर वाजलेल्या पावलांइतकाच ऐकू येईल, आणि तेवढाच ऐकू येऊ द्या. मूळ गोष्टीला समान जागा देण्याचे बंधन आपल्यावर नाही. ‘जेन एअर’मध्ये (1847) माडीवर कोंडलेली नायकाची वेडी पत्नी जीन ऱ्हीस यांनी ‘वाइड सारगॅसो सी’ (1966) या कादंबरीच्या केंद्रस्थानी आणली. तेथे तिचे कॅरिबियन बेटांवरील बालपण आणि लग्न सविस्तर येते, आणि इंग्लंडमधले ते प्रसिद्ध घर अखेरच्या, सर्वांत छोट्या भागापुरते उरते. तिचे मूळ नाव आंत्वानेत आहे आणि ‘बर्था’ हे नाव नवऱ्याने तिच्यावर लादले आहे, हा ऱ्हीस यांनी घातलेला तपशील मला एखाद्या आरोपपत्राइतका कठोर वाटतो.

प्रश्न : अशा लेखनाला मूळ लेखकाच्या वारसांची परवानगी लागते का?

उत्तर : स्वामित्वहक्काची मुदत संपली असेल तर लागत नाही. भारतात ही मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे, तर अनेक देशांत 70 वर्षे आहे. मुदत संपलेली नसेल, तर लिहिण्यापूर्वीच जाणकार वकिलाचा सल्ला घ्यावा.

प्रश्न : मूळ कादंबरीत ज्याला बोलूच दिलेले नाही, अशा पात्राच्या तोंडी मी माझे शब्द घालणे हाही एक प्रकारचा अन्यायच नाही का?

उत्तर : ही शंका आपल्याला येते, याचे मला समाधान वाटते. ‘रॉबिन्सन क्रूसो’मधला (1719) फ्रायडे मालकाने शिकवलेली भाषा बोलतो. जे. एम. कुट्सी यांच्या ‘फो’मध्ये (1986) त्याला जीभच नाही; ती कोणी कापली, याची निवेदिका सुझन हिला खातरजमा करता येत नाही, आणि त्याच्या वतीने कोणी बोलावे हाच कादंबरीचा झगडा होतो. दुसरी वाट कादंबरीकार कामेल दाऊद यांची आहे. काम्यूच्या ‘द आउटसायडर’मध्ये (1942) मारला गेलेला अरब निनावी आहे. दाऊद यांनी त्याला मुसा हे नाव दिले, पण निवेदन त्याच्या भावाकडे, हारूनकडे सोपवले. त्यामुळे मेलेल्याचे मौन न मोडता त्याच्या घरावर कोसळलेले दुःख सांगता आले. आपल्या पात्राचे एखादे जवळचे माणूस मूळ कादंबरीबाहेर जगत असेल, असे मानून पाहा आणि पहिले प्रकरण त्याच्या निवेदनातून लिहा. तरीही पात्रानेच बोलावे असे वाटले, तर त्याला ठाऊक नसलेले शब्द त्याच्या तोंडी घालू नका आणि जेथे तो गप्प राहिला असता तेथे त्याला गप्पच राहू द्या.