तळ्यावर गेलं की चित्राला मुंग्या : वाचकांचे प्रश्न, जुन्या टीव्ही मेकॅनिकची उत्तरं

प्रश्न : माझी रिमोटवरची दोन फुटी बोट आहे. तिच्या डेकवर छोटा कॅमेरा आणि ५.८ गिगाहर्ट्झचा, २०० मिलिवॅटचा व्हिडिओ ट्रान्समीटर बसवला. चित्र हातातल्या छोट्या स्क्रीनवर येतं. बोट घराच्या कठड्यावर ठेवून गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेलो, चित्र एकदम स्वच्छ. तळ्यात सोडली की वीस मीटरवर मुंग्या येतात. दुकानदार म्हणतो, ६०० मिलिवॅटचा घ्या. घेऊ का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नका घेऊ. घेतलात तर वीस मीटरवर जाणारं चित्र सव्वीस मीटरवर जाईल, एवढाच फरक. हिशेब पुढे देतो.

कोल्हापुरात माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान चौतीस वर्षं होतं. सुरुवातीच्या काळात निम्मं काम टीव्हीत नसायचंच, गच्चीवर असायचं. मी वर अँटेना धरून उभा आणि खालून घरातलं पोरगं ओरडतंय, ‘‘काका, आलं... आलं... गेलं! जरा मागं घ्या!’’ बातम्या देणाऱ्या बाईंच्या शेजारी त्यांचीच फिकट सावली दिसायची. आम्ही त्याला भूत म्हणायचो. शेजारच्या उंच इमारतीवर आपटून आलेली लहर जरा उशिरा पोचली की भूत दिसायचं.

तुमच्या बोटीच्या मागे तेच भूत लागलंय, इमारतीऐवजी पाणी आहे इतकंच. बोटीवरून निघालेली एक लहर थेट तुमच्या स्क्रीनकडे येते, दुसरी पाण्यावर आपटून येते. अँटेना पाण्यालगत असला की दोन्ही वाटा जवळपास सारख्याच लांबीच्या. त्यामुळे वेगळी सावली दिसायला लागणारा उशीर होतच नाही. पण पाण्यावर आपटताना लहर उलटी होते, आणि सुलटी नि उलटी लहर एकत्र आल्या की एकमेकींना खाऊन टाकतात. कठड्यावर बोट जमिनीपासून मीटरभर उंच होती, म्हणून गल्लीत हे जाणवलं नाही.

आता आकडे. ५.८ गिगाहर्ट्झला लहरीची लांबी सुमारे ५.२ सेंटिमीटर. डेकवरचा अँटेना पाण्यापासून १० सेंटिमीटरवर आणि तुमच्या हातातला दीड मीटरवर धरू. दोन्ही उंचींचा गुणाकार करायचा, त्याची चौपट करायची आणि लहरीच्या लांबीने भागायचं. उत्तर येतं साडेअकरा मीटर. ढोबळ हिशेब असा की या अंतरापलीकडे सिग्नल फार झपाट्याने पडतो : अंतर दुप्पट झालं की शक्ती सोळाव्या हिश्शावर. म्हणूनच २०० चे ६०० केले तरी तिप्पट शक्तीतून अंतर जेमतेम एक तृतीयांश वाढतं.

याउलट उंची वाढवली तर शक्ती उंचीच्या वर्गाने वाढते. अँटेना १० वरून ५० सेंटिमीटरवर न्या. पाचपट उंची म्हणजे पंचवीसपट शक्ती, जणू २०० मिलिवॅटच्या जागी ५ वॅट. वर तुम्ही काठावरच्या चिखलात उभे न राहता घाटाच्या चार पायऱ्या चढून हातातला स्क्रीन तीन मीटरवर नेलात की आणखी चौपट. दोन्ही मिळून तुमचे वीस मीटर साठाच्या पुढे जातात, आणि खर्च एका काडीचा.

ती काडी कसली घ्यायची, हे मात्र नीट बघा. कार्बन फायबरची अजिबात नको, त्यातून वीज वाहते आणि अँटेनाशेजारी ती आडवी येते. तंबूचा जुना फायबरग्लासचा दांडा मिळाला तर सोनं. काहीच नसेल तर बांबूची काडी दोनदा व्हार्निश मारून वापरा, कारण ओला बांबू लहरी शोषतो. आणि ट्रान्समीटर खाली ठेवून लांब, बारीक अँटेना केबल वर नेऊ नका. असल्या केबलमध्ये या फ्रीक्वेन्सीला शक्तीचा मोठा भाग वाटेतच उष्णता होऊन जातो. ट्रान्समीटरच काडीच्या टोकाला बांधा आणि खालून वीज व चित्राच्या तारा वर न्या.

ट्रान्समीटर वर नेण्याचं दुसरंही कारण आहे, ते मी अक्कलखाती पैसे घालून शिकलो. हे ट्रान्समीटर ड्रोनसाठी बनवलेले असतात, तिथे पंख्यांचा वारा त्यांना थंड ठेवतो. मी पहिल्या बोटीत तो पोटात घालून वरून टेपने हवाबंद केला होता. दहा मिनिटांत तो तापून गप्प झाला. रंकाळ्यावर मी काळा स्क्रीन बघत उभा आणि बोट वाऱ्याबरोबर जलपर्णीकडे. नातवाने गळाच्या दोरीला टेनिसचा चेंडू बांधला, बोटीपलीकडे फेकला आणि दोरी हळूहळू ओढत तिला काठाशी आणली. तेव्हापासून तो चेंडू माझ्या पिशवीत कायम असतो.

टोकाला वजन चढलं की बोट डोलेल, ही तुमची पुढची शंका असणार. माझ्याकडचा ट्रान्समीटर अँटेनासकट १२ ग्रॅम भरतो. ते अर्ध्या मीटरवर चढवले म्हणजे ६०० ग्रॅम-सेंटिमीटर. २५० ग्रॅमची बॅटरी तळाकडे अडीच सेंटिमीटर सरकवली की फिटंफाट. बहुतेक बोटींत बॅटरी उगाचच फळीवर ठेवलेली असते, तेवढी जागा सहज निघते. वेगात वळणारी बोट असेल तर आधी घरच्या हौदात कलवून बघा.

दुकानदार तुम्हाला गोल टोपीचा, लहर गरगर फिरवत सोडणारा अँटेना दाखवेल आणि म्हणेल, याने परावर्तनाचा त्रासच जातो. भिंतींच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरं आहे. आपटल्यावर लहरीची फिरकी उलटते आणि उलट फिरकी समोरचा अँटेना घेत नाही. पण पाण्यावर लहर सहा-सात अंशांहून चपट्या कोनात आपटली तर फिरकी उलटत नाही, आणि दूरच्या बोटीचा कोन दीड-दोन अंशांचाच असतो. तरी तो अँटेना घ्या, कारण बोट कलली तरी चित्र टिकतं. उंचीला मात्र तो पर्याय नाही. आणि कोणताही अँटेना घ्या, तो लावल्याशिवाय ट्रान्समीटर चालू करू नका, जळेल.

चॅनेल निवडताना ५.७२५ ते ५.८७५ गिगाहर्ट्झच्या आतच राहा, आपल्याकडे विनापरवाना वापराला मोकळा पट्टा तो आहे. या ट्रान्समीटरमध्ये त्याबाहेरचेही चॅनेल असतात. रेसबँड नावाच्या चॅनेलगटातले ५७६९, ५८०६ आणि ५८४३ मेगाहर्ट्झचे बिनघोर.

प्रश्न : मोटर चालू केली की चित्रावर आडव्या रेघा धावतात. थांबवली की चित्र स्वच्छ. कॅमेरा बिघडला आहे का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : कॅमेरा ठणठणीत आहे. शेजारच्या घरात मिक्सर लागला की आपल्या टीव्हीवर रेघा यायच्या, आठवतं? तुम्ही मोटर आणि कॅमेरा एकाच बॅटरीवर चालवताय. मोटरचा वेग सांभाळणारा स्पीड कंट्रोलर सेकंदाला हजारो वेळा करंट चालू-बंद करतो आणि ती थरथर तारांतून कॅमेऱ्यापर्यंत जाते. कॅमेऱ्याला छोटी वेगळी बॅटरी द्या, विषय संपला. ते नको असेल तर स्पीड कंट्रोलरच्या बॅटरीकडच्या तारांवर १००० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा लो-ईएसआर (म्हणजे आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर टाका, पाय आखूड ठेवा, प्लस-मायनस दोनदा बघा. त्यानेही रेघा उरल्या तर कॅमेऱ्याच्या वाटेत फिल्टर घाला. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं किरकोळीत मिळतं.

प्रश्न : मोबाइलवर दिसणारा वायफाय कॅमेरा घरात पडून आहे. तोच बोटीवर लावला तर? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : शिडाच्या संथ बोटीवर मजा म्हणून लावा. मोटरबोटीवर नको. असल्या कॅमेऱ्याचं चित्र अर्धा सेकंद मागे असणं काही विशेष नाही. ताशी १८ किलोमीटरने जाणारी बोट सेकंदाला पाच मीटर कापते, म्हणजे मोबाइलवर दगड दिसेल तेव्हा बोट अडीच मीटर पुढे, कदाचित दगडावरच. शिवाय हे कॅमेरे बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि तुमचा रिमोटही तिथेच बोलतो. चित्र गेलं तर चालेल, ताबा जाता कामा नये. निघण्यापूर्वी काठावर, बोट हातात धरून रिमोट बंद करा. मोटर आपोआप थांबली पाहिजे. नाही थांबली तर आधी फेलसेफ, म्हणजे रिमोटचा सिग्नल तुटला की मोटर थांबवणारी सोय, नीट लावा, कॅमेरा नंतर.

प्रश्न : लेन्सवर आतून वाफ धरते. (एक वाचक, महाबळेश्वर)

उत्तर : डबी दमट हवेत बंद करताय. दुपारच्या उन्हात, कोरड्या हाताने बंद करा आणि आत बुटांच्या खोक्यात मिळते तसली सिलिका जेलची पुडी टाका. पुडी जुनी असेल तर आधी तव्यावर मंद आचेवर गरम करून घ्या, पण तिचं वेष्टन कापडाचं असेल तरच. प्लास्टिकचं असेल तर नवी आणा, नाहीतर सुनेची बोलणी खाल. मी खाल्लीत.

प्रश्न : आमच्या कृष्णेत मगरी आहेत. कॅमेरा लावलेली बोट जवळ नेऊन त्यांचं चित्रण करावं म्हणतो. बोट कोणत्या रंगाची ठेवावी? (एक वाचक, सांगली)

उत्तर : रंगाचं सोडा, बोटच नेऊ नका. मगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला डिवचणं, हुसकावणं हा गुन्हा, आणि तिच्या अंगावर घरघरणारं खेळणं सोडणं याला दुसरं काय म्हणणार? त्यातून तिने बोट जबड्यात धरली तर आतली लिथियमची बॅटरी फुटेल, ते तिच्याही जिवावर आणि नदीच्याही. आणि बोट काठाजवळ अडकली तर ती आणायला पाण्यात तुम्हीच उतरणार, हे मी बोटवाल्यांना ओळखतो म्हणून सांगतो. सकाळच्या उन्हात मगरी वाळूवर येऊन पडतात. पुलावरून दुर्बिणीने बघा. दुर्बिणीला बॅटरी लागत नाही.