‘मिनामोतो नो योरितोमो’मधला ‘नो’ आणि जपानी आडनावांचे तीन शब्द

एका वाचकाची विचारणा अशी आहे. जपानी इतिहासावरचा मजकूर मराठीत आणताना त्यांना ‘उजी’, ‘सेइ’ आणि ‘म्योजी’ असे तीन शब्द भेटले आणि कोशात तिन्हींपुढे ‘आडनाव’ एवढाच अर्थ मिळाला. हे तिन्ही शब्द समानार्थी आहेत का, आणि ‘मिनामोतो नो योरितोमो’, ‘ताइरा नो कियोमोरी’ या नावांत मधे येणारा ‘नो’ पुढे ‘ओदा नोबुनागा’ किंवा ‘तोकुगावा इएयासू’ या नावांत का दिसत नाही, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत. पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसऱ्याचे आपोआप मिळते, म्हणून ‘नो’पासूनच सुरुवात करतो.

‘नो’ म्हणजे आपला ‘चा-ची-चे’. ‘मिनामोतो नो योरितोमो’ याचा शब्दशः अर्थ ‘मिनामोतोंचा योरितोमो’. येथे ‘मिनामोतो’ हे कुळाचे नाव आहे आणि माणूस त्या कुळाचा आहे, असे ते नावच सांगते. या कुळनामाला जपानीत ‘उजी’ म्हणतात. सोगा, मोनोनोबे, नाकातोमी ही जुन्या यामातो दरबारातली, म्हणजे जपानच्या प्राचीन राजदरबारातली, अशी कुळे. त्यांच्या जोडीला दरबारातला दर्जा सांगणारी ‘कबाने’ नावाची पदवी असे. इ. स. ६८४ मध्ये सम्राट तेम्मूने या पदव्यांची फेररचना करून आठ पायऱ्या ठरवल्या, त्यांपैकी दुसरी ‘आसोन’ ही पुढे फार चालली. ‘सेइ’ आणि ‘कबाने’ हे एकाच चित्राक्षराचे दोन उच्चार आहेत, पहिला चिनी वळणाचा आणि दुसरा देशी. कालांतराने या अक्षराचा ‘पदवी’ हा अर्थ मागे पडला आणि ते कुळनामासाठीच वापरले जाऊ लागले. कोशांतला गोंधळ बहुतांशी येथून सुरू होतो.

उजी कोणी आपल्या मनाने घेत नसे, आणि या साऱ्या प्रकरणाची किल्ली मला येथेच दिसते. कुळांना मान्यता देणे, पदवी वाढवणे, नवे कुळनाम बहाल करणे हा सम्राटाचा अधिकार होता. इ. स. ६६९ मध्ये नाकातोमी नो कामातारी मृत्युशय्येवर असताना सम्राट तेंजीने त्याला ‘फुजिवारा’ हे नाव दिले आणि त्यातून जपानच्या इतिहासातले सर्वांत प्रबळ सरदारकुळ उभे राहिले. इ. स. ८१४ मध्ये सम्राट सागाने आपल्या अनेक मुलांना राजघराण्यातून वेगळे करून ‘मिनामोतो’ हे कुळनाम दिले, ज्याचा अर्थ ‘उगम’ असा आहे. लगेच पुढच्या वर्षी राजधानी आणि तिच्या आसपासच्या प्रांतांतल्या कुळांची एक अधिकृत नोंदवही तयार झाली, तिच्यात ११८२ कुळे आहेत. नाव देणारा स्वतः नावाच्या पलीकडे राहिला, त्यामुळे जपानच्या राजघराण्याला आजही आडनाव नाही.

आता ‘म्योजी’. एकाच कुळाची माणसे शेकड्यांनी वाढली आणि देशभर पसरली, तेव्हा नुसते ‘फुजिवारा’ म्हणून कोण कुठला हे कळेना. क्योतोतल्या फुजिवारा सरदारांना लोक त्यांच्या वाड्याच्या जागेवरून ओळखू लागले, त्यातून कुजो, निजो, इचिजो ही घराण्यांची नावे झाली. हे तिन्ही मूळचे रस्ते आहेत, अनुक्रमे नववा, दुसरा आणि पहिला. प्रांतात गेलेल्या योद्ध्यांनी आपल्या ताब्यातल्या जमिनीचे किंवा गावाचे नाव घेतले. शिमोत्सुके प्रांतातल्या आशिकागा येथे स्थायिक झालेली मिनामोतोंची शाखा ‘आशिकागा’ झाली, शेजारच्या कोझुके प्रांतात नित्ता येथे राहिलेली ‘नित्ता’ झाली. मालकाच्या नावाने चालणाऱ्या भातशेताला ‘म्योदेन’ म्हणत, त्यातल्या ‘म्यो’शी म्योजीचे नाते सांगितले जाते. म्हणजे उजी वरून मिळे, म्योजी मात्र घरातल्यांनी आपल्या पायाखालच्या जमिनीवरून उचललेले असे.

आपल्याकडेही गावावरून आडनावे पडली, पण आपण ‘कर’ लावतो. चिपळूणचा तो चिपळूणकर. जपानीत तसा प्रत्यय नाही. आशिकागाचा माणूस नुसता ‘आशिकागा’. आणि जेथे संबंधदर्शक ‘नो’ येतो, तेथे तो गावाशी जोडलेला नसून कुळाशी जोडलेला असतो. म्हणून नियम सरळ आहे: उजीनंतर ‘नो’ येतो, म्योजीनंतर येत नाही. आशिकागा ताकाउजीला कुळाने हाक मारायची तर ‘मिनामोतो नो ताकाउजी’ म्हणावे लागेल. एकाच माणसाची ही दोन्ही नावे तितकीच खरी.

तोकुगावा इएयासूचे पूर्ण औपचारिक नाव उलगडून पाहिले की सगळे थर डोळ्यांसमोर येतात: ‘तोकुगावा जिरोसाबुरो मिनामोतो नो आसोन इएयासू’. यात ‘तोकुगावा’ हे म्योजी, ‘जिरोसाबुरो’ हे व्यवहारातले नाव, ‘मिनामोतो’ हे उजी, ‘आसोन’ ही कबाने आणि ‘इएयासू’ हे खरे व्यक्तिनाम, जे इतरांनी तोंडावर उच्चारणे सभ्यपणाचे मानले जात नसे. दरबाराच्या कागदावर यातला ‘मिनामोतो नो आसोन इएयासू’ एवढाच भाग येई. ओदा नोबुनागा तरुणपणी स्वतःला फुजिवारा म्हणवीत असे आणि नंतर ताइरा म्हणवू लागला. म्योजी ‘ओदा’ मात्र तेच राहिले. दावे बदलत, पण वापरायला उजी एखादे जुने, मान्य असेच लागे. नोबुनागानंतर सत्तेवर आलेल्या हिदेयोशीला १५८६ साली दरबाराने ‘तोयोतोमी’ हे नवेच उजी दिले. नियमाने त्याला ‘तोयोतोमी नो हिदेयोशी’ म्हणायला हवे, कारण त्याचे म्योजी ‘हाशिबा’ होते. ‘तोयोतोमी हिदेयोशी’ हे रूढ रूप या नियमाला अपवाद आहे आणि वाचकांचा गोंधळ वाढवण्यात त्याचा वाटा मोठा आहे.

सातो, इतो, कातो, साइतो, गोतो, एंदो या आडनावांचे शेवटचे अक्षर सारखे का, असेही वाचकांनी ओझरते विचारले आहे. (मूळ उच्चारात हा ‘तो’ दीर्घ आहे.) हे ‘फुजिवारा’चेच पहिले चित्राक्षर आहे. देशी उच्चारात ते ‘फुजी’, चिनी वळणाच्या उच्चारात ‘तो’. आपण ‘५’ हा अंक ‘पाच’ असा वाचतो, पण ‘२५’मध्ये तोच ‘पंच’ होतो, तसा हा प्रकार. इसे प्रांतातले फुजिवारा ते ‘इतो’, कागाचे ते ‘कातो’, तोतोमीचे ते ‘एंदो’ (येथे ‘तो’चा ‘दो’ होतो). ‘सातो’मधला ‘सा’ सानो या ठिकाणाचा की ‘साएमोन’ या रक्षकदलातल्या हुद्द्याचा, याबद्दल दोन मते आहेत. आज सातो हे जपानमधले सर्वांत जास्त आढळणारे आडनाव असून ते सुमारे १८ लाख लोकांचे आहे. ते सगळे फुजिवारांचे वंशज आहेत असे मात्र समजू नये. प्रतिष्ठित नाव घेण्याची ओढ सगळीकडेच असते.

‘सुझुकी’ची गोष्ट मला सर्वांत आवडते. हे घराणे ‘कीइ’ नावाच्या प्रांतातले, कुमानो या तीर्थक्षेत्राच्या परिसरातले. कापलेल्या भाताच्या पेंढ्या मधल्या खांबाभोवती रचून जी रास करतात, तिला त्या भागात ‘सुझुकी’ म्हणत, असे सांगितले जाते. कोकणातली उडवी पाहिलेल्या माणसाला ही रास वेगळी समजावून सांगायला नको. या घराण्याचे उजी ‘होझुमी’, आणि त्याचाही अर्थ ‘कणसांची रास’. म्हणजे दरबारी कुळनाम आणि गावरान आडनाव अशी दोन्ही नावे एकाच उडवीवरून आली. आज ‘सुझुकी’ ज्या चित्राक्षरांनी लिहितात त्यांचा अर्थ ‘घंटा’ आणि ‘झाड’ असा होतो, पण ती उच्चारासाठी बसवलेली आहेत. त्यांवरून व्युत्पत्ती शोधायला गेल्यास फसगत होते. ‘हात्तोरी’ मात्र खरोखर धंद्यावरून आले आहे: दरबारासाठी कापड विणणाऱ्या ‘हाता-ओरी-बे’ या समूहाच्या नावाचे ते झिजलेले रूप आहे.

जपानी शेतकऱ्यांना १८७५पर्यंत आडनावेच नव्हती आणि त्या साली सर्वांनी घाईघाईने समोर दिसेल ते नाव घेतले, म्हणून तानाका (शेताच्या मधला) आणि यामामोतो (डोंगराच्या पायथ्याचा) इतके झाले, ही समजूत फार पसरली आहे. ती जशीच्या तशी खरी नाही. १६०३ ते १८६८ या एदो काळात म्योजी उघडपणे वापरण्याचा आणि तलवार बाळगण्याचा मान सामुराईंचा होता आणि तो काही गावप्रमुखांना किंवा व्यापाऱ्यांना खास परवानगीने मिळे. बंदी होती ती वापरावर. देवळांच्या देणगीदारांच्या याद्यांत आणि थडग्यांवर सामान्य गावकऱ्यांची आडनावे सापडतात. १८७० साली, एदो काळ संपल्यावर आलेल्या मेइजी सरकारने सर्वांना म्योजी वापरण्याची मुभा दिली. कर आणि लष्करभरती मागे लागेल या भीतीने अनेकांनी ती घेतली नाही, तेव्हा लष्कर खात्याच्या आग्रहावरून १३ फेब्रुवारी १८७५ रोजी ते सक्तीचे झाले. त्या आदेशातच म्हटले होते की ज्यांना पूर्वजांचे म्योजी ठाऊक नसेल त्यांनी नवे घ्यावे, म्हणजे बहुतेकांना ते ठाऊक असेल असे सरकारनेही गृहीत धरले होते.

या दोन आदेशांच्या मधे, १८७१ साली, एक छोटा पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने निर्णायक आदेश निघाला: सरकारी कागदांवर उजी आणि कबाने लिहू नयेत, म्योजी आणि व्यक्तिनाम एवढेच लिहावे. तोवर मेइजी क्रांतीचा नेता ओकुबो तोशिमिचि अधिकृत यादीत ‘फुजिवारा नो आसोन तोशिमिचि’ असाच नोंदला जात होता. हजार वर्षांहून अधिक जुना ‘नो’ त्या दिवशी सरकारी दप्तरातून गेला.

शब्द मात्र गेले नाहीत, त्यांचे अर्थ सरकले. आज बोलताना ‘म्योजी’ म्हणतात, ‘सेइ’ हा शब्द लेखनात आणि ‘सेइमेइ’ (आडनाव-नाव) या जोडशब्दात येतो, आणि कायदा ‘उजी’ म्हणतो. नागरी संहितेच्या ७५०व्या कलमानुसार विवाहानंतर पती-पत्नींना दोघांपैकी एकाचे ‘उजी’ धारण करावे लागते, आणि सुमारे ९५ टक्के जोडपी पतीचेच घेतात. हे कलम २०१५ आणि २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवले, तरी त्यावरचा वाद चालूच आहे. ही प्रथा प्राचीन असल्याचे सांगितले जाते, तेव्हा मला होजो मासाको आठवते. योरितोमोची ही पत्नी होजो घराण्यातली, आणि होजो स्वतःला ताइरा कुळाचे म्हणवीत. १२१८ साली दरबाराने तिला पदवी दिली ती ‘ताइरा नो मासाको’ या नावाने. नवरा मिनामोतो असूनही तिचे उजी माहेरचेच राहिले. १८७६च्या सरकारी निर्देशातही पत्नीने माहेरचे नाव लावावे असेच होते. घरातल्या सर्वांचे आडनाव एक, हा नियम १८९८च्या नागरी संहितेने आणला.

आता भाषांतरापुरते सुचवतो. १८७१च्या आधीच्या संदर्भात ‘उजी’साठी ‘कुळनाम’, ‘कबाने’साठी ‘पदवी’ आणि ‘म्योजी’साठी ‘आडनाव’ लिहावे. मराठ्यांमध्ये कूळ आणि आडनाव वेगवेगळे असू शकतात, त्यामुळे हा भेद आपल्या वाचकाला परका वाटणार नाही. त्यानंतरच्या काळात तिन्ही शब्दांसाठी ‘आडनाव’ पुरेसे आहे. ‘नो’चे भाषांतर करू नये, पण तो गाळूही नये, आणि आडनाव आधी, नाव नंतर हा जपानी क्रम तसाच ठेवावा, जपान सरकारही २०२०पासून आपल्या इंग्रजी कागदपत्रांत हाच क्रम पाळते. पुस्तकाच्या सूचीत योरितोमोला ‘म’खाली, म्हणजे ‘मिनामोतो’मध्ये शोधता आले पाहिजे. ‘न’खाली ‘नो योरितोमो’ अशी नोंद मी एका मुद्रितप्रतीत पाहिली आहे, तेवढे टाळावे.