इचारा ना भाऊ! : निळा रॉकमॅन, गेलेली लाईन अन् नऊ ठिपके

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेलो, का लहानपणी आमच्या घरी टीव्ही गेम होता अन् त्यात हाताला तोफ लावलेला एक निळा पोट्टा होता. राजेहो, त्या एका ओळीवर एवढे मेसेज आले का सोलर पंपाच्या अंकाला बी आले नव्हते. सोलर पंपवाल्यांनो, थोडं थांबा, तुमचे प्रश्न पुढच्या खेपेला घेतो, हा अंक त्या पोट्ट्याचा.

प्रश्न: भाऊ, तान्ह्या पोयाचा बोजारा जमा करून मी अन् माह्या भावानं बाजारातून एक पिवई कॅसेट आणली होती. त्यात एक निया रोबोट होता, मेला का त्याचे गोल गोल ठिपके होऊन चहूकडं उडे. नाव जपानीत होतं, वाचता आलं नाही. तो कोण होता? आता माह्या पोराले दाखवाचा हाये. (एक वाचक, दारव्हा तालुका)

उत्तर: भाऊ, तो रॉकमॅन. अमेरिकेत अन् बाकी ठिकाणी त्यालेच मेगा मॅन म्हणतात. कॅपकॉम कंपनीनं १७ डिसेंबर १९८७ ला जपानात काढला, आपल्याकडं ज्या सेकंड कॉपी कॅसेटी यायच्या त्यातल्या लय साऱ्या जपानी गेमच्या नकला असायच्या म्हणून तुम्हाला जपानी नाव दिसलं. जपानी नावात एक गंमत बी आहे, हिरोचं नाव रॉक अन् त्याच्या बहिणीचं नाव रोल, म्हणजे दोघं मिळून रॉक अँड रोल. अमेरिकेत रॉकचा मेगा मॅन झाला अन् बिचारी रोल एकटीच राहिली.

गोष्ट अशी, का डॉक्टर लाईट नावाचे एक म्हातारे शास्त्रज्ञ, त्यांनी कामाचे रोबोट बनवले, कोणी झाडं कापाचा, कोणी दगड उचलाचा, कोणी वीज सांभाळाचा. डॉक्टर वायलीनं ते पळवून बिघडवले. मग घरकामात मदत करणारा रॉक म्हणाला, मला लढाईचा रोबोट करा. एवढंच. पण मला ते लहानपणीच आवडलं होतं, का हा कोणी राजकुमार नाही, शिपाई बी नाही, घरचा कामाचा पोरगा आहे.

अन् त्या ९९९९९९९ इन १ वाल्या कॅसेटीत तो का सापडत नव्हता म्हणून बऱ्याच जणांनी इचारलं आहे. त्या कॅसेटीत खऱ्या गेम मोजक्याच, बाकी तेच ते फिरवून फिरवून, अन् त्या बी छोट्या छोट्या. पहिली मारिओ ४० किलोबाइटची, तर पहिली रॉकमॅन १२८ किलोबाइटची, म्हणून त्याची सहसा वेगळी कॅसेट घ्यावी लागे. पोराला दाखवायचा असेल तर जुना डबा (टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन) शोधत बसू नका, २०१५ मध्ये कंपनीनं पहिल्या सहा गेम एकत्र करून लेगसी कलेक्शन काढलं, ते कॉम्प्युटरवर चालते.

प्रश्न: काका मी दहावीत आहे. दादाच्या लॅपटॉपवर पहिला मेगा मॅन खेळतो. गट्स मॅनच्या सुरवातीला ते सरकणारे पाट आहेत त्याच्यावरून मी किती वेळा पडलो मोजदादच नाही. सहापैकी पहिले कोणाले माराव? (काटोल)

उत्तर: बाळा, अभ्यास झाला ना? मग ऐक.

ते पाट रुळावरून जातात, अन् रूळ जिथं तुटलेला असतो तिथं पाट खाली कलंडतो. तू पाटावर उभा राहून वाट पाहतो म्हणून पडतो. रुळाकडं पहायचं, तुटकी जागा आली का त्याच्या आधी उडी मारायची अन् पाट सरळ झाल्यावर परत उतरायचं. उडीचं बटन जास्त वेळ दाबलं तर उंच अन् पटकन सोडलं तर बुटकी, हे मला दोन वर्षं माहीत नव्हतं, मी सगळ्या उड्या उंचच मारायचो अन् वर डोकं आपटून खड्ड्यात जायचो.

आता कोणाला आधी मारायचं ते. या गेमची सगळी मजाच तिथं आहे. मारिओत रस्ता एकच, पहिला झाला का दुसरा. इथं सहा मोठे दुश्मन, म्हणजे बॉस, समोर बसवून ठेवले आहेत, कट मॅन, गट्स मॅन, आइस मॅन, बॉम्ब मॅन, फायर मॅन, इलेक मॅन, कुठूनही सुरू कर. ज्याला मारशील त्याचं हत्यार तुला मिळते अन् ते हत्यार दुसऱ्या कोणाच्या तरी जिव्हारी लागते. बनवणाऱ्यांनी हे दगड-कागद-कात्रीवरून घेतलं. कट मॅनच्या डोक्यावर कात्रीच आहे अन् तो कशानं मरतो, तर गट्स मॅनच्या ताकदीनं दगड फेकून. गट्स मॅन मरतो बॉम्बनं. बॉम्ब मॅन फायर मॅनच्या आगीनं, फायर मॅन आइस मॅनच्या बर्फानं, आइस मॅन इलेक मॅनच्या विजेनं, अन् इलेक मॅनवर कट मॅनचं पातं तीन वेळा लागलं का खेळ खलास. झालं गोल पूर्ण. रहाटगाडग्यासारखं आहे, कुठलीही बादली पकड, फिरून तिथंच येशील.

पण पहिला तर साध्या तोफेनंच मारावा लागतो. माझं मत विचारशील तर बॉम्ब मॅन. तो उड्या मारत बॉम्ब फेकतो, बॉम्ब कुठं पडणार ते दिसते, थोडं सरकलं का झालं. मग त्याचा बॉम्ब घेऊन गट्स मॅनकडं जा, तो मोजक्याच बॉम्बात जातो. तिथून कट मॅन, त्याच्या खोलीत दोन दगड ठेवलेलेच आहेत, उचल अन् हाण. मग इलेक मॅन, अन् तिथं एक गोष्ट विसरू नको, त्याच्या लेव्हलमध्ये दगडांच्या मागं मॅग्नेट बीम (हवेत पायऱ्या काढणारं हत्यार) ठेवला आहे, गट्स मॅनची दगड उचलायची ताकद नाहीतर इलेक मॅनची वीज असेल तरच हाती लागतो. तो न घेता पुढं गेलास तर वायलीच्या किल्ल्यात भिंतीसमोर उभा राहशील.

अन् काटे. पहिल्या गेममध्ये मार लागल्यावर आपण लुकलुकतो तवा गोळी लागत नाही, पण काट्यावर पडला तर लुकलुकत असला तरी मेला. दुसऱ्या गेमपासून हे सुधारलं. पहिलीत नाही म्हणजे नाही.

प्रश्न: माझ्याकडे जुना डबा अजून चालू आहे. पण जास्त दुश्मन आले का हिरो लुकलुक करतो, कधी अर्धा गायब होतो. टीव्हीवाल्याला दाखवला तो म्हणे टीव्ही बदला. बदलू का? (अचलपूर)

उत्तर: अजिबात नका बदलू. टीव्ही चांगला, डबा बी चांगला. त्या मशीनची हद्दच तेवढी आहे. लग्नाच्या पंगतीत समजा एका पट्टीवर आठच जण बसू शकतात, नववा आला तर त्यानं उभंच राहायचं. या मशीनमध्ये पडद्याच्या एका आडव्या ओळीत आठच चित्रतुकडे बसतात, अन् तुकडा किती रुंद तर आठ ठिपके. आपला हिरो एकटाच एका ओळीत तीन-चार तुकडे खातो. त्याला बाजूला तीन दुश्मन आले का झाली पंगत फुल. मग गेम काय करते, तर एका क्षणी याला उठवते, दुसऱ्या क्षणी त्याला, आळीपाळीनं सगळ्यांना जेवू घालते, सेकंदाला साठ वेळा. त्यालाच आपण लुकलुक म्हणतो. कोणालाच कायमचं उपाशी ठेवलं नाही हे त्यातल्या त्यात बरं.

हिरोचं तोंड तर वेगळंच चिकटवलेलं आहे बरं का. एका तुकड्यात तीनच रंग चालायचे. अंगाला दोन निळे अन् एक काळा, संपले तीन. मग चेहऱ्याची कातडी अन् डोळ्याचा पांढरा कुठून आणाचा? म्हणून तोंडाचा तुकडा निराळा, अंगावर ठेवलेला. आता पुढच्या वेळी लुकलुकला तर नीट पहा, कधी कधी तोंडच तेवढं गायब होते.

प्रश्न: नमस्कार दादा, मी गृहिणी आहे, लग्नाआधी भावासोबत खेळायची, आता मुलाच्या निमित्तानं परत सुरू केलं (मुलगा कंटाळून उठून जातो, मीच खेळते). आमच्याकडं लाईनीचा काही भरवसा नाही. पहिला रॉकमॅन पाच बॉसपर्यंत आणला अन् लाईन गेली, सगळं पहिल्यापासून. तेव्हा भाऊ वहीत ठिपके काढायचा ते काय होतं? (वरुड)

उत्तर: ताई, तुमचं पत्र वाचून मी बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणे बघा, मी एकटीच नाही.

पहिल्या गेममध्ये वाचवून ठेवायची सोयच नव्हती. पासवर्ड नाही, काही नाही. सहा बॉस, मग वायलीचा किल्ला, सगळं एका बैठकीत. जपानातल्या पोराला ते जमत असेल, आपल्याकडं सकाळी सहा ते बारा लाईन अन् मग रात्री, त्यात कोणाला जमणार? आमच्या घरी तर रात्रपाळीची लाईन आली का बाबा वावरात पाणी द्यायला अन् आम्ही टीव्हीसमोर, अन् दोघांचंही काम अर्ध्यावरच राहायचं.

तुमचा भाऊ ठिपके काढायचा ती दुसरी गेम. २४ डिसेंबर १९८८ ला आली, आठ बॉसवाली, अन् माझ्या मते सगळ्यात भारी. पहिलीचा खप काही फार नव्हता म्हणे, म्हणून कंपनी दुसरीला तयार नव्हती, पोट्ट्यांनी बाकीची कामं सांभाळून ही बनवली. तिच्यात सगळे जीव संपले का एक चौकट दिसते, आडव्या पाच अन् उभ्या पाच, पंचवीस घरं, त्यात लाल ठिपके. ते वहीत उतरवून ठेवायचे, लाईन आली का परत तसेच मांडायचे, गेम तिथूनच सुरू. आपली ठिपक्यांची रांगोळी अन् काय, फक्त रेघा जोडायच्या नाहीत.

अन् ते कसे बी टाकलेले नाहीत. मोजा, नेहमी नऊच भरतील. सगळ्यात वरच्या ओळीत एकच ठिपका असते, तो सांगते तुमच्याकडं एनर्जीचे डबे किती, पहिल्या घरात असला तर शून्य, पाचव्यात असला तर चार. उरलेले आठ ठिपके आठ बॉसचे. प्रत्येक बॉसला दोन घरं, जिवंत असला तर एक, मेला असला तर दुसरं. वरचा ठिपका सरकला का खालचे बी सगळे सरकतात, म्हणून अंदाजानं मांडले तर जमत नाही, एक चुकला का मशीन नाही म्हणते. माझ्या चुलतभावानं एकदा ते ठिपके माझ्या भूगोलाच्या वहीत काढले होते अन् सरांनी विचारलं हा कोणता जिल्हा.

एक ध्यानात ठेवा, वायलीच्या किल्ल्यात शिरल्यावर ठिपके उपयोगाचे नाहीत, लाईन गेली तर किल्ल्याच्या दारापासून. म्हणून किल्ला रात्री दहानंतरच सुरू करा. अन् आता कलेक्शनमध्ये खेळत असाल तर त्यात सेव्ह आहे, पण वही ठेवाच, मी तर अजून ठेवतो, त्यात क्विक मॅनच्या लेव्हलमधल्या किरणांचा सगळा नकाशा आहे, कुठं डावीकडं उतरायचं, कुठं उजवीकडं. फ्लॅश मॅनच्या हत्यारानं वेळ थांबवून ते किरण पार करता येतात, पण एकदा चालू केलं का एनर्जी संपेपर्यंत बंद होत नाही, अन् त्याच हत्यारानं क्विक मॅनची अर्धी ताकद जाते ती संधी हातची जाते. मी किरण पाठच करून टाकले. पाढ्यांपेक्षा लवकर झाले.

प्रश्न: पानठेल्यावर पैज लागली आहे. मी म्हणतो ही गेम इनाफुनेनं बनवली, मित्र म्हणतो नाही. शंभर रुपये आहेत. (दिग्रस)

उत्तर: द्या शंभर रुपये. केजी इनाफुने तिचे चित्रकार, चेहरा त्यांचाच सगळ्यांना माहीत म्हणून नाव त्यांचं झालं. पण हिरोची मूळ कल्पना अन् पहिलं ठिपक्यांचं चित्र अकिरा कितामुरा यांचं, हे इनाफुने स्वतःच सांगत आले आहेत. संगीत मानामी मात्सुमाए या बाईंचं, ते बी लक्षात ठेवा, पुढच्या पैजेला कामी येईल.

प्रश्न: कॅसेट लागत नाही, फुंकर मारून मारून थकलो. (मूर्तिजापूर)

उत्तर: फुंकर बंद करा आधी. तोंडातली ओल पितळी पट्ट्यांवर बसते अन् गंज धरते. आपण सगळ्यांनी तेच केलं अन् कॅसेट परत घालताना नीट बसायची म्हणून चालायची, श्रेय फुंकरीला. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, कापसाच्या बोळ्यानं हलकेच पुसा, पूर्ण वाळू द्या. कापूस आपल्याकडं काही कमी नाही, पण घरातल्या गंजीतला सरकीवाला घेऊ नका, सरकीनं ओरखडे पडतील.

प्रश्न: किल्ल्यातला पिवळा राक्षस मरतच नाही. काही उपाय? (दर्यापूर)

उत्तर: तो पहिल्या गेममधला यलो डेविल. तुकडे होऊन इकडून तिकडं उडत येतो, पुन्हा जुळतो, एक डोळा उघडतो, त्या डोळ्यावरच मार लागते. तुकडे कोणत्या क्रमानं येतात ते ठरलेलं आहे, कधीच बदलत नाही. कोणत्या वर उडी अन् कोणत्याच्या खालून, एवढं घोटून घ्या.

अन् ते नाहीच जमलं तर कानात सांगतो. इलेक मॅनची वीज डोळ्यावर सोडायची, अन् ती डोळ्याला लागून राहिली असताना सिलेक्ट बटन दाबत सुटायचं. खेळ थांबते, चालू होते, थांबते, चालू होते, अन् दरवेळी तीच वीज नव्यानं लागते. एका विजेत राक्षस आडवा. गेम बनवणाऱ्यांची चूक आहे ती, पण आमच्या अख्ख्या आळीत त्याला याच्याशिवाय कोणी मारलेलं मी पाहिलं नाही, त्यात मी बी आलो. तुम्ही बिनासिलेक्टचा मारला तर फोटो नको, व्हिडिओ पाठवा.